गाडी झोपते तेव्हा: डॅशकॅम जोडणीच्या नोंदी

शनिवार, ५ एप्रिल २०२५

डॅशकॅम आला, गाडीच्या काचेवर बसून रस्ता टिपत राहणारा कॅमेरा. मागच्या महिन्यात वडगाव पुलाखाली सिग्नलला उभी होते. पुढचा टेम्पो घरंगळत मागे आला, माझा बंपर दाबला, आणि ड्रायव्हर उतरून मलाच म्हणाला, "ताई, ब्रेक मारायचा ना!" चार माणसं गोळा झाली. चौघांनीही काही पाहिलेलं नव्हतं, पण मत चौघांनाही होतं. साडेचार हजार माझेच गेले. रात्री सासरे, आमचे बाबा, एवढंच म्हणाले, "साक्षीदार नव्हता गं तुझ्याकडे."

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. मी डिप्लोमा केला इलेक्ट्रॉनिक्सचा आणि नोकरी धरली हिशेबाची. म्हणजे घरात दोन माणसं वायरिंगची, आणि बंपरचे पैसे भरणारी एकच. गॅरेजवाल्याने कॅमेरा बसवायचे बाराशे सांगितले. पैशांचं काही नाही, पण "वायर कुठून घेणार?" या प्रश्नाला "आतून" असं उत्तर आलं, तेव्हाच ठरवलं की आपण करायचं.

कॅमेरा निवडताना एकच गोष्ट हट्टाने पाहिली. आत लिथियम बॅटरी नको, सुपरकपॅसिटर हवा, म्हणजे बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग. आमच्या सोसायटीत पार्किंग उघड्यावर आहे. उन्हात बंद गाडीत काचेपाशी तापमान साठीच्या पुढे सहज जातं, आणि त्या उष्णतेत लिथियमची बॅटरी फुगते. कार्ड १२८ जीबी, हाय एन्ड्युरन्स. साधं कार्ड फोटो ठेवायला ठीक असतं. इथे तेच तेच पुन्हा लिहिलं जातं, आणि त्यात ते लवकर मरतं.

हार्डवायर किट वेगळं घेतलं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, गाडीच्या १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारी. तिला तीन वायर: लाल एसीसीची, म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, पिवळी बॅटरीची, कायम जिवंत, काळी निगेटिव्ह, बॉडीला. लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसून काम झालं असतं, पण आमचं सॉकेट किल्लीबरोबर मरतं. मग गाडी उभी असताना कॅमेरा आंधळा. शिवाय ती वायर कायम गिअरपाशी लोंबणार.

दुपारी नाना पेठेत फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसून तिथून जादा वायर काढून देणारा जोड, आणायला गेले. जाताना गाडीतला एक जादा फ्यूज पाकिटात टाकला होता, म्हणून वाचले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "मिनी की लो प्रोफाइल?" दोन्हींची रुंदी सारखी, पण लो प्रोफाइलचे पाय जवळजवळ नसल्यासारखे. माझा निघाला लो प्रोफाइल. अंदाजाने मिनी आणला असता तर पुन्हा हेलपाटा. येताना तपकीर गल्लीतून कापडी हार्नेस टेप (गाडीतल्या वायरींचा जुडगा, म्हणजे हार्नेस, बांधायची) आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प घेतला. साधी काळी इन्सुलेशन टेप गाडीत वापरू नये. उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो आणि वायर चिकट होऊन बसते.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. बारा वाजता पाळणा झाला, सुंठवडा तोंडात टाकला आणि खाली आले.

सुरुवातीलाच गाढवपणा. परवा घरातल्या चार्जरचा करंट मोजला होता, तेव्हा मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घातली होती. ती तिथेच राहिली. बटण व्होल्टवर फिरवलं, टोकं बॅटरीला लावली. फट्ट! १० अँपिअरचं भोक म्हणजे मीटरच्या पोटातली एक जाड तार. ती थेट बॅटरीच्या दोन टोकांना आडवी पडली. लाल टोकाची पितळी सुई वितळून बोथट झाली, टर्मिनलवर खळगा पडला. स्वस्त पिवळ्या मीटरवर त्या भोकाशेजारी "अनफ्यूज्ड" असं छापलेलंच असतं. मी ते दहा वर्षं वाचत आलेय.

बाबांनी काही म्हटलं नाही. वर जाऊन स्वतःचा जुना टेस्टर घेऊन आले, पेनासारखा खिशात अडकवायचा. फ्यूजला लावला. दिवा लागेना. दुसऱ्याला लावला. तरी नाही. त्यातली निऑनची नळी पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात, बारा व्होल्टला ती ढिम्म हलत नाही. हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत. पण चाळीस वर्षांची हाताची सवय. टेस्टर खिशात परत ठेवत म्हणाले, "हा काय करंट म्हणायचा! हात लावून बसलं तरी चालेल."

"हात लावून चालेल बाबा, पाना लावून नाही चालणार," मी मीटरकडे बोट दाखवलं.

मग टेस्ट लॅम्प. चिमटा बॉडीच्या नटाला, टोक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक उघड्या ठिपक्यांना. फ्यूजची पेटी स्टिअरिंगखाली, उजव्या गुडघ्यापाशी. बाबा किल्ली फिरवणार, मी उलटी पडून ओरडणार:

"बंद करा... लागला. चालू करा... लागला. कायमचा हा, लिहा."

तासाभरात कागदावर दोन रकाने झाले. किल्लीबरोबर येणारे फ्यूज अकरा, कायमचे नऊ. गाडीचं मॉडेल आणि फ्यूजचे नंबर मुद्दाम लिहीत नाही. एकाच गाडीच्या दोन व्हेरियंटमध्ये पेटी वेगळी असते, आणि कोणी तरी डोळे मिटून माझे नंबर वापरेल. एक मात्र सगळीकडे सारखं: पिवळ्या कनेक्टरच्या वायरींना लॅम्पचं टोक लावायचं नाही. त्या एअरबॅगच्या असतात.

ठरलं: लाल वायर सॉकेटच्या फ्यूजवर, पिवळी छतावरच्या दिव्याच्या फ्यूजवर. दिव्याचं ठरवताना फार विचार केला नाही. दार उघडलं की दिवा लागतो, किल्ली असो नसो, म्हणजे कायमचाच.

शनिवार, १२ एप्रिल

नवीन मीटर आणला, फ्यूजवाला. सकाळी सात ते साडेअकरा काम.

१० च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग कॅमेऱ्याची जागा: आरशाच्या मागे, डाव्या अंगाला, वायपर फिरतो त्या पट्ट्यात. काच स्पिरिटने पुसली, कोरडी केली, पट्टी चिकटवून अर्धा मिनिट दाबून धरली.

वायर छताच्या अस्तरात बोटांनीच जाते. पुढच्या काचेच्या कडेला अस्तर आणि पत्रा यांच्यात फट असते, नखाने उचलायचं आणि ढकलत जायचं. उजव्या खांबाचं प्लास्टिक काढायला नायलॉनची पट्टी वापरली. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलेले खांब पुष्कळ पाहिलेत. प्लास्टिक काढण्याआधी त्यावर एअरबॅगची खूण कोरलीय का ते पाहायचं. आमच्या गाडीत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग नाहीत. ज्यांच्या गाडीत आहेत त्यांनी वायर एअरबॅगच्या मागून न्यायची आणि तिथे आधीच बांधलेल्या हार्नेसलाच टेपने जोडायची. एअरबॅगच्या पुढून गेलेली वायर फुगणाऱ्या पिशवीच्या आड येते, आणि खांबाचं प्लास्टिक कुठल्या दिशेने उडेल ते मग सांगता येत नाही.

काळ्या वायरने पाऊण तास खाल्ला. पायापाशी एक छान बोल्ट दिसला, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) कसला, मीटर लावला: काहीच नाही. बोल्ट रंगावर बसलेला होता, पलीकडे त्याला नुसती प्लास्टिकची चकती. दुसरा सापडला. बाबांनी लगखालचा रंग सॅंडपेपरने घासून पत्रा पांढरा केला. मीटरवर अर्ध्या ओहमच्याही खाली. "आता अर्थिंग बसलं," म्हणाले. गाडीला अर्थिंग नसतं, बॉडीच निगेटिव्ह असते, हे त्यांना सांगून झालंय. ते अर्थिंगच म्हणणार.

फ्यूज टॅपची बाजू इथे नीट लिहून ठेवते, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. फ्यूज उपटला की दोन खाचा उरतात. टेस्ट लॅम्प दोन्हींत लावला तर एकाच खाचेत पेटतो. ती आत येणारी बाजू. टॅपचा ज्या पायातून दोन्ही फ्यूजना करंट जातो, तो पाय त्या खाचेत यायला हवा. तसा बसला तर जुन्या सर्किटचा भार जुन्या फ्यूजवर आणि कॅमेऱ्याचा नव्या फ्यूजवर. उलटा बसवला तरी कॅमेरा चालतो, म्हणून चूक कळत नाही, पण मग दोघांचाही भार जुन्या एकाच फ्यूजमधून जातो. कॅमेऱ्यासाठी ३ अँपिअरचा घातला, जांभळा.

निगेटिव्ह जोडली, किल्ली फिरवली. कॅमेरा बोलला, चिनी भाषेत.

रविवार, १३ एप्रिल

मागचा कॅमेरा. याविषयी प्रेमाने लिहिण्यासारखं काही नाही.

वायर छतातून मागे नेणं सोपं. डिकीच्या दाराशी छत आणि दार यांच्यामध्ये रबराची घडीदार नळी असते, गाडीच्या वायरी तिच्यातूनच जातात. आपली वायरही तिच्यातूनच न्यायची, नाही तर दार बंद करताना चिरडते आणि पावसात पाणी आत येतं. नळी वीतभर, आधीच वायरींनी गच्च, आणि मागच्या वायरचा प्लग चपटा. बाबांची पाइपातून वायर ओढायची पोलादी पट्टी फार ताठ, वळेना. शेवटी मुलाच्या सायकलच्या ब्रेकची जुनी तार. ती आधी रिकामी ओवली, तिच्या टोकाला प्लग टेपने निमुळता बांधला, भांड्यांच्या साबणाचं पाणी ओतलं आणि ओढला. तिसऱ्या प्रयत्नात आला. दोन तास गेले, उजव्या अंगठ्याचं नख गेलं.

कॅमेऱ्याची पट्टी मागच्या काचेवर चिकटवताना डिफॉगरच्या तपकिरी रेघा टाळल्या. पुढे कधी पट्टी ओढून काढली की रेघही सोबत निघते.

मंगळवार, १५ एप्रिल

कार्ड तपासलं. दिवसाचं चित्रण सुंदर. रात्रीचं मात्र दोन्ही रात्री गाडी लॉक केल्यावर वीस-बावीस मिनिटांनी तुटलेलं. सकाळी दार उघडल्यावर पुन्हा सुरू.

पहिला संशय किटवर. मग कार्डवर. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगवर. साडेनऊला जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी भात कालवत विचारलं, "लाइन येतेय का तिथपर्यंत, ते पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं.

शुक्रवार, १८ एप्रिल

सुट्टी. लाइन पाहिली.

अडचण अशी की फ्यूज बघायला दार उघडावं लागतं, आणि दार उघडलं की गाडी जागी होते. मग झोपलेल्या गाडीत काय चालतं ते पाहायचं कसं? यावर गॅरेजवाल्यांची युक्ती आहे: दार उघडंच ठेवायचं, दाराच्या कडेचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने दोनदा खट्-खट् फिरवून बंद करायचं. गाडीला वाटतं दार लागलं. मग रिमोटने लॉक. टेस्ट लॅम्पचा दिवा सुद्धा भार असतो, म्हणून तो लावून न ठेवता दर पाच मिनिटांनी फक्त टेकवायचा.

५ मिनिटं, पेटला. १०, पेटला. १५, पेटला. बाबा प्लास्टिकची खुर्ची घेऊन शेजारी, हातात घड्याळ. २० ला कुठे तरी आत बारीक "टिक" झालं. लॅम्प टेकवला. अंधार.

म्हणजे छतावरच्या दिव्याची लाइन कायमची नाहीच. गाडीतला छोटा संगणक, बॉडी कंट्रोल मॉड्यूल, वीस मिनिटांनी ती तोडतो. कोणी आतला दिवा चालू ठेवून गेलं तरी सकाळी सेल्फ लागावा म्हणून. कल्पना चांगलीच आहे, मीच तिच्या आड आले. आमच्या सहा तारखेच्या कागदावर "कायमचे ९" लिहिलेत, त्यातले वीस मिनिटांनंतर उरले पाच.

त्यात हॅझार्डचा आहे, हॉर्नचा आहे. हॅझार्ड तर किल्ली नसतानाही चालायलाच हवा, म्हणून तो खात्रीचा. पण अशा दिव्यांच्या वाटेत मला टॅप नको होता. शेवटी एक रिकामी खाच सापडली, बहुधा वरच्या व्हेरियंटमधल्या कुठल्या तरी सोयीसाठी ठेवलेली. फ्यूज नाही, पण एका बाजूला करंट आहे आणि अर्ध्या तासानंतरही आहे. टॅप तिथे बसवला, जुन्या फ्यूजची जागा मोकळी, फक्त आपला ३ अँपिअरचा.

काम संपल्यावर बाबा सवयीने दार लावायला गेले. "थांबा!" कुलूप आधीच फिरवलेलं असताना दार आपटलं तर दोन लोखंडं एकमेकांवर बसतात. हँडल ओढून कुलूप सोडवलं, मग दार.

मंगळवार, २२ एप्रिल

दुपारी पुढचा कॅमेरा वायरला लोंबकळताना सापडला. पट्टीचा वरचा भाग काचेवरच्या काळ्या ठिपक्यांवर गेला होता. तिथला पृष्ठभाग खडबडीत, डिंक पूर्ण टेकत नाही, आणि एप्रिलचं ऊन उरलेलं काम करतं. दोन बोटं खाली, स्वच्छ काचेवर, नवी पट्टी.

शनिवार, २६ एप्रिल

चार दिवस एसटीने कोल्हापूरला होतो, काल रात्री परतलो. सकाळी गाडीचा सेल्फ रडत रडत लागला. लावण्याआधी मोजलं होतं: १२.१ व्होल्ट.

चांगली भरलेली शिशाची बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. किटच्या डबीवर कमी व्होल्टला कॅमेरा तोडायची बारीक खटकी असते, माझी कंपनीने ठेवलेल्या ११.८ वरच होती. बसवताना पाहिलीच नाही. ११.८ ला तोडणं म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी झाल्यावर तोडणं. तोडल्यावर भार गेला, म्हणून ती थोडी वर आली आणि मला १२.१ दिसली.

नव्या मीटरने, या वेळी भोकं तीनदा तपासून, निगेटिव्हच्या वाटेत करंट मोजला. गाडी एकटी झोपलेली: ०.०२ अँपिअर. कॅमेरा पार्किंगमध्ये: एकूण ०.२५. रात्रीच्या बारा तासांत ३ अँपिअर-तास. बॅटरी ३५ ची, रोज जाता-येता पावणेदोन तास गाडी चालते, तेवढं सहज भरून निघतं. पण चार दिवसांचे २४ होतात, आणि माझी बॅटरी तीन वर्षांची आहे, ३५ हा आकडा आता फक्त तिच्या स्टिकरवर आहे.

खटकी १२.२ वर. १२.४ पण होती. बाबा म्हणाले १२.४ ठेव. पण भार असताना व्होल्ट थोडे पडतात, मग थंडीत कॅमेरा मध्यरात्रीच बंद होईल. वर बारा तासांचा टायमर लावला. गावाला जाताना पिवळ्या वायरचा फ्यूज काढून ॲशट्रेत ठेवायचा, हा घरचा नियम.

शनिवार, ३ मे

बाबांची तक्रार: गाडीत विविध भारती खरखरते. १०१ वर शहराबाहेर गेलं की गाण्यापेक्षा खरखर जास्त. किटची डबी १२ चे ५ करताना सेकंदाला लाखो वेळा करंट चालू-बंद करते, आणि तिच्यापासून निघालेली वायर अँटेनासारखी वागते. त्यात मी उरलेली दीड मीटर वायर गुंडाळून रेडिओच्या मागेच कोंबली होती. ती सोडवून गुडघ्याखाली सपाट बांधली, पेडलपासून दूर. तपकीर गल्लीतून दोन फेराइटचे चिमटे आणले, वायरीवर बसून अशी खरखर अडवणारे. एक डबीपाशी, एक कॅमेऱ्यापाशी. खरखर गेली. सिंहगडाच्या पायथ्याला थोडी आहे, पण ती आधीही होती असं मी म्हणते. बाबांना मान्य नाही.

शनिवार, १० मे

खालच्या मजल्यावर वकीलकाका राहतात. त्यांना विचारलं, उद्या खरंच काही झालं तर या चित्रणाचा उपयोग किती? त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. फाइल व्हॉट्सॲपवर फिरवू नकोस, तिथे ती दाबली जाते आणि मूळ राहत नाही. कार्ड काढून बाजूला ठेव, नवीन घाल. आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा कार्ड ठेवलं.

घरी येऊन आधी एक केलं: माइक बंद. टेम्पोवाल्याचं बोलणं मिळालं असतं हे खरं. पण परवाची एक फाइल ऐकली तर त्यात मी आणि नवरा त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या खर्चावर बोलत होतो, तब्बल चौदा मिनिटं. हे कार्ड उद्या कोणाच्या तरी टेबलावर जाऊ शकतं.

मंगळवार, २७ मे

पाऊस यंदा मे मध्येच. काल पुण्यात मॉन्सून पोचल्याचं जाहीर झालं. मागच्या रबरी नळीत बोट घालून पाहिलं, कोरडी. काळ्या वायरचा लग उघडला: घासलेल्या पत्र्यावर अजून गंज नाही, पण घासला तेव्हाच त्यावर ग्रीस लावायला हवं होतं. आज लावलं.

पावसात वायपरच्या पट्ट्यातला कॅमेरा स्वच्छ पाहतो. मागचा मात्र थेंबांमुळे आंधळा, आमच्या मागच्या काचेला वायपर नाही.

रविवार, १ जून

महिन्याची तपासणी. सकाळी सहा वाजता, रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.४५. फ्यूज टॅप घट्ट, डबी कोमट.

पार्किंगच्या क्लिप ४१. त्यातल्या ३८ एका मांजराच्या, सी विंगमधलं पिवळं बोकं, बॉनेटवर चढतं आणि आरशात बघत बसतं. दोन क्लिपमध्ये वॉचमन. एकीत दूधवाल्याची सायकल बंपरला घासून गेली, आवाज नाही, ओरखडाही नाही. हालचाल ओळखायचं बंद करून फक्त धक्का बसल्यावर रेकॉर्ड होईल असं ठेवलं. मग करंट पुन्हा मोजला, ०.२५ चा ०.१६ झाला.

कार्ड फॉरमॅट केलं. बाबांनी त्याआधी बोक्याची एक क्लिप नातवाच्या फोनवर घेऊन ठेवली. पुढची तपासणी ६ जुलै.